दुखावलेला गुडघा : सार्वजनिक रुग्णालय की खासगी?

सोमवारी सकाळी युनियनच्या कचेरीत लंगडत येणारा तरुण यंत्रावरच जखमी झालेला असतो असे नाही. पुष्कळदा तो आदल्या दिवशी कबड्डीच्या सामन्यात उतरलेला असतो. चढाई करून परतताना कोणी तरी घोटा पकडला, पाय मॅटवर खिळून राहिला, अंग मात्र मध्यरेषेकडे वळले, आणि गुडघ्यात काही तरी 'कट्' असे वाजले, एवढेच तो सांगतो. आठवड्याभराने तो पुन्हा येतो, तेव्हा त्याच्या हातात दोन कागद असतात. एक सार्वजनिक रुग्णालयाचा केसपेपर. त्यावर एमआरआयची तारीख दीड महिन्यानंतरची. दुसरा खासगी नर्सिंग होमचा. त्यावर येत्या गुरुवारच्या शस्त्रक्रियेचा खर्च. आणि प्रश्न एकच, "भाऊ, कुठे जाऊ?"

आम्ही डॉक्टर नाही. परंतु हा प्रश्न वर्षानुवर्षे समोर येत राहिल्यामुळे आम्हांला त्याचा अभ्यास करावा लागला. जे हाती लागले ते असे, की बहुतेक माणसे या प्रश्नाचा विचार चुकीच्या टोकाकडून करतात. सरकारी म्हणजे फुकट पण उशीर, आणि खासगी म्हणजे महाग पण त्वरित, असा हिशेब ते मांडतात. या हिशेबात गुडघा कोठेच नसतो. म्हणून आपण गुडघ्यापासूनच आरंभ करू.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांचा सांधा तो गुडघा. ही दोन हाडे एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. त्यांना बांधून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध असतात. दोन बाजूंना दोन, आणि आत एकमेकांना छेदून जाणारे तिरपे असे दोन. या तिरप्या बंधांपैकी पुढचा, ज्याला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात, तो नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सावरतो. हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. धावताना बसणारा भार त्या झेलतात. पाय रोवलेला असताना अंग वळले, की तिरपा बंध तुटतो, आणि कित्येकदा गादीही फाटते. दुखापतीच्या वेळी आवाज, काही तासांतच भरून आलेली सूज, आणि पुढे चालताना गुडघा 'निसटल्या'सारखा वाटणे ही त्याची ओळखीची लक्षणे होत. क्ष-किरणाच्या चित्रात हाड दिसते, बंध दिसत नाही. म्हणून 'फोटोत काही नाही' याचा अर्थ 'काही झाले नाही' असा नव्हे. उलट, अनुभवी अस्थितज्ज्ञ नुसत्या हाताने नडगी पुढे ओढून पाहून बंध शाबूत आहे की नाही याचा पुष्कळसा अंदाज करतो. त्याला एमआरआयची तारीख लागत नाही.

आता पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : ही घाई करण्याजोगी दुखापत आहे काय? काही दुखापती खरोखरच तशा असतात. गुडघा अडकून बसला आहे व सरळच होत नाही, चार पावले टाकण्याइतकाही भार पायावर घेता येत नाही, पाऊल गार किंवा बधिर पडले आहे, गुडघा लाल व गरम होऊन ताप आला आहे, पोटरी सुजून दुखू लागली आहे, यांपैकी काहीही असेल तर रांगेचा आणि पैशाचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. तेथे सार्वजनिक-खासगी हा वाद करीत बसू नये.

परंतु नुसता तिरपा बंध तुटला असेल, तर तो बहुधा घाईचा मामला नसतो. किंबहुना सूज उतरण्यापूर्वी, गुडघा पूर्ण सरळ होण्यापूर्वी शस्त्रक्रिया उरकली, तर तो पुढे ताठर होण्याचा धोका वाढतो. म्हणून पुष्कळ शल्यविशारद पहिले काही आठवडे सूज उतरविण्यात आणि मांडीचा स्नायू जागा करण्यात घालवतात. म्हणजे 'येत्या गुरुवारी करून टाकू' या वाक्यात जी तत्परता दिसते, ती नेहमी रुग्णाच्या हिताची असेलच असे नाही.

शस्त्रक्रिया करावयाचीच की नाही, हाही प्रश्न वाटतो तितका मिटलेला नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर एक पाहणी झाली व ती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांत व्यावसायिक खेळाडू नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. ६२ जणांची शस्त्रक्रिया लवकर केली; ५९ जणांना आधी केवळ व्यायामोपचार दिले, आणि गरज भासली तरच पुढे शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या वेदना व हालचाली यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातील ३६ जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. पाच वर्षांनी मात्र या गटातील सुमारे निम्म्या लोकांनी ती करून घेतली होती. याला जोडूनच दुसरी बाजू सांगितली पाहिजे. २०२२ साली ब्रिटनमधील ३१६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांची दुखापत जुनी झालेली होती आणि गुडघा निसटत होता. तेथे शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला.

दोन्हींचा मेळ घातला तर सामान्य माणसासाठी अर्थ निघतो तो असा. ताज्या दुखापतीत काही महिने मनापासून व्यायामोपचार करून पाहणे म्हणजे वेळ दवडणे नव्हे. तो उपचारच आहे. आणि तेवढे करूनही गुडघा निसटत राहिला, किंवा पुन्हा वळणावळणाचा खेळ खेळावयाचा असला, तर शस्त्रक्रियेला भिऊ नये. गादी फाटून ती शिवण्याजोगी असेल, तर मात्र डॉक्टर लवकर हात घालण्यास सांगतील, आणि ते ऐकावे.

येथे आम्ही पाहिलेल्या दोन तरुणांची हकीकत सांगतो. पहिल्याने महिना शेकडा तीन दराने दीड लाख रुपये उचलले आणि दहाव्या दिवशी खासगीत शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया नीट झाली. परंतु व्याजच महिन्याला साडेचार हजार. त्यामुळे व्यायामोपचाराला दर खेपेस द्यावे लागणारे पैसे त्याला जड झाले. तीन आठवड्यांनी त्याने जाणे सोडले. आज तो चालतो, पण गुडघा पुरता वाकत नाही. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसता येत नाही. दुसरा सार्वजनिक रुग्णालयात गेला. त्याला पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. त्या पाच महिन्यांत व्यायाम कोणी सांगितला नाही, त्यानेही विचारला नाही. गुडघ्याला पट्टा बांधून तो दोन स्पर्धा खेळला, आणि तारीख आली तेव्हा बंधाबरोबर गादीही गेलेली होती.

एकाला घाईने मारले, दुसऱ्याला थांबण्याने मारले, असे वरवर दिसते. आमच्या मते दोघांना एकाच गोष्टीने मारले. दोघांच्याही वाट्याला व्यायामोपचार आला नाही. शस्त्रक्रिया ही दीड-दोन तासांची गोष्ट आहे. मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याजवळच्या स्नायुरज्जूचा तुकडा काढून, दुर्बिणीच्या साह्याने तो तुटलेल्या बंधाच्या जागी ओवतात. तो तुकडा हाडात रुजावयास आणि बंधाचे काम शिकावयास कित्येक महिने लागतात. तीन-चार महिन्यांनी दुखणे थांबते, माणसाला बरे वाटते, पण आतला बंध तेव्हा कच्चाच असतो. येथेच पुष्कळांचा घात होतो. २०१६ सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. म्हणून खरी निवड इमारतीची नव्हे. हे नऊ महिने गुडघ्याबरोबर कोण राहणार, त्याची निवड करावयाची आहे.

आता दोन्ही वाटांचे गुणदोष पाहू. मुंबईत परळचे केईएम १९२६ पासून उभे आहे, पुण्यात ससून त्याहूनही जुने. अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हाडांचे दर्जेदार विशारद असतात. इतके रुग्ण पाहिलेला हात दुसरीकडे सहसा मिळत नाही. उणीव आहे ती वेळेची. हातपाय मोडलेला अपघातग्रस्त आला, की ठरलेली गुडघ्याची शस्त्रक्रिया मागे पडते. आणि ते योग्यच आहे. शिवाय बंध बसविण्याचे स्क्रू वगैरे सामान बाहेरून आणावे लागेल काय, हे आधी विचारून घ्यावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खासगीत तारीख लवकर मिळते, डॉक्टर निवडता येतो, खोली स्वच्छ असते. परंतु सांगितलेल्या आकड्यात काय काय धरले आहे, हे कागदावर मागावे. सामान, भूल, एमआरआय, गुडघ्याचा पट्टा, आणि पुढील व्यायामोपचाराच्या किती खेपा? राज्यातील खासगी रुग्णालयांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे, असे २०२१ च्या सुधारित नियमांनी ठरविले आहे. ती पाटी पाहण्यात संकोच कसला? आणखी एक गैरसमज. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सामानाचे भाव बांधले, ते सांधा बदलण्याच्या सामानाचे. बंध बसविण्याच्या स्क्रूला तो निर्णय लागू नव्हता.

या दोन वाटांच्या मध्ये तिसरी वाट आहे, आणि आमचे लोक तीच विसरतात. ती कामगार राज्य विमा योजनेची. १९४८ च्या कायद्यातून निघालेली ही योजना १९५२ साली सुरू झाली. १ जुलै २०१९ पासून तिच्यासाठी कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण आणि मालकाकडून शेकडा सव्वातीन अशी वर्गणी ठरली. १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. 'पण मी तर खेळताना पडलो, कारखान्यात नव्हे,' असे म्हणून कित्येकजण तिकडे फिरकतच नाहीत. ही मोठी चूक आहे. वैद्यकीय उपचाराचा हक्क कोणत्याही आजाराला किंवा दुखापतीला आहे; यंत्रावर झालेल्या दुखापतीला आणखी वेगळे लाभ आहेत, एवढाच भेद. वर्गणीचे दिवस भरले असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या शेकडा ७० भत्ता मिळतो. स्वतःकडे सोय नसेल तर विमा रुग्णालय करारातील खासगी रुग्णालयात पाठविते. मात्र आधी विमा दवाखान्यात जाऊन तेथून पत्र घेतले पाहिजे. परस्पर खासगीत दाखल होऊन मागाहून पैसे मागणाऱ्याच्या हाती बहुधा हेलपाटेच येतात.

ज्याला विमा नाही त्याने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवरील आरोग्यमित्रास दोन गोष्टी विचाराव्यात : आपली शस्त्रक्रिया यादीत आहे काय, आणि ती याच रुग्णालयात मिळते काय. तसेच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणि शेकडा १० दुर्बल घटकांना सवलतीने द्यावयाच्या असतात. ही भीक नव्हे. या न्यासांना मिळणाऱ्या करसवलती जनतेच्या पैशातूनच येतात.

मग त्या लंगडणाऱ्या तरुणाला आम्ही काय सांगतो? पहिले दोन दिवस विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, पाय उंच. आणि कोणाकडून चोळून घेऊ नकोस. नंतर सार्वजनिक किंवा विमा रुग्णालयाच्या अस्थिविभागात दाखव. तारीख लांबची असली तरी घे, आणि त्याच दिवशी व्यायामोपचार विभागात नाव घालावयास सांग. तेथे रांग असते, पण रोजचा व्यायाम एकदा शिकून घेतला की घरी करता येतो. सगळे एकाच ठिकाणी झाले पाहिजे असा नियम नाही. एमआरआय बाहेर, शस्त्रक्रिया सार्वजनिक रुग्णालयात, व्यायाम घराजवळ, असेही करता येते. खासगीतच जावयाचे असेल तर जा, पण शस्त्रक्रियेचे पैसे आणि नऊ महिन्यांच्या व्यायामाचे पैसे एकाच वेळी हिशेबात धर. दुसरे नसतील तर पहिले खर्चू नकोस. आणि डॉक्टरने दोन्ही पायांची ताकद मोजून परवानगी दिल्यावाचून मैदानात उतरू नकोस.

एवढे त्याने करावयाचे. आपणही काही करावयाचे आहे. आपली मंडळे दरवर्षी ढाली-चषकांवर आणि मांडवावर खर्च करतात. त्यातून एका व्यायामोपचार तज्ज्ञाला आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलावणे अवघड नाही. जे कारखाने आपल्या नावाचा सदरा घालून पोरांना खेळवतात, त्यांच्याकडून दुखापतीच्या काळातील पगाराची हमी करारात लिहून घेणे हे आम्हा युनियनवाल्यांचे काम. आणि वस्तीतल्या प्रत्येक पालिका दवाखान्यात व्यायामोपचाराची सोय असावी ही मागणी सर्वांची आहे. सार्वजनिक रुग्णालयाची रांग लांब आहे, म्हणून ज्याला परवडते तो बाहेर पडतो. आणि ज्यांचा आवाज ऐकला जातो तेच बाहेर पडले, म्हणजे मागे राहिलेल्यांची रांग आणखी लांबते. हे चक्र कोणी डॉक्टर थांबविणार नाही. ते आपल्यालाच थांबवावे लागेल.