रूपसुधारणेची शस्त्रक्रिया आणि नंतरची देखभाल

रूप सुधारण्यासाठी करावयाच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला म्हणजे पुष्कळांना नटनट्यांची आठवण होते. वस्तुतः हा विषय खेड्यांना परका नाही. जड कर्णभूषणांमुळे भोके ओघळून फाटलेली कानाची पाळी शिवून घेणे, स्टोव्हच्या भडक्याने मानेवर व गालावर राहिलेले वण काढून घेणे, चेहऱ्यावरील मोठा मस काढणे, विरळ झालेल्या डोक्यावर केस बसवून घेणे या गोष्टी आज गावोगावचे लोक करून घेतात. नाकाचा आकार बदलणे व पोटावरील मेद काढणे यांकडेही तरुणांचा कल वाढला आहे. बीदर तालुक्यातील जनवाड्यासारख्या गावाहून अशा कामासाठी रुग्ण बीदरला जातो, तेथे सोय न झाल्यास कलबुर्गी, सोलापूर किंवा हैदराबाद गाठतो. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत उरकते आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी परततो. जखम भरण्याचे सारे काम त्यानंतर गावीच व्हावयाचे असते, आणि या क्षेत्रातील बहुतेक तक्रारी याच काळात उद्भवतात.

या तक्रारींचे स्वरूप थोड्याफार फरकाने एकच असते. शस्त्रक्रियेपूर्वी सर्व गोष्टी सोप्या करून सांगितल्या गेल्या. वण राहील, सूज महिनोन् महिने टिकेल, प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल, हे कोणी बोलले नाही. नंतर जखमेतून पाणी येऊ लागले तेव्हा शल्यचिकित्सकांची भेट होईना. साहाय्यकाने पट्टी बदलून परत पाठविले. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास ते म्हणतात, ‘ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच जा.’ रुग्णाची अशा प्रकारे ओढाताण होते. त्यातच ‘हौसेपायी केले, आता भोगा’ असे घरचेच ऐकवतात, म्हणून पुष्कळ स्त्रिया तक्रार मनातच ठेवतात. हा टोमणा अनुचित आहे. शस्त्रक्रिया आजारासाठी असो वा रूपासाठी, ती अंगीकारणाऱ्या डॉक्टरांची जबाबदारी सारखीच राहते.

नंतरच्या देखभालीचे महत्त्व आपल्याकडे प्राचीन काळापासून ओळखले गेले आहे. सुश्रुतसंहितेत कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार वर्णिले आहेत. त्याबरोबरच पाळी जोडल्यावर रुग्णाने जखमेस धक्का लागू देऊ नये, दिवसा झोपू नये, व्यायाम, अतिभोजन व अग्नीची आच टाळावी, फार बोलू नये, असे निर्बंधही घातले आहेत. महाराष्ट्रातील एक उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकण्याचे काम करीत असे. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्यात वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्यास नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी हे पाहिले, आणि त्याचा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात प्रसिद्ध झाला. त्या आधारे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया केली व आधुनिक सुघटन शल्यचिकित्सेला, म्हणजेच प्लास्टिक सर्जरीला, चालना मिळाली.

त्या वृत्तान्तातील नंतरच्या काळजीचा भाग फारसा सांगितला जात नाही. कातडी जोडल्यावर कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावीत व त्या सांध्यावर बसवीत. चार दिवस दुसरी पट्टी नसे. मग तुपात भिजविलेली फडकी ठेवीत. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, आणि कपाळाशी जोडलेला कातडीचा दांडा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापीत. म्हणजे जवळजवळ महिनाभर तो कारागीर आपल्या रुग्णाची देखभाल करीत होता. आज साधने शतपटीने सुधारली आहेत; परंतु रुग्णाला दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून देण्याची घाईही वाढली आहे.

कोणत्याही शस्त्रक्रियेत काही उपद्रव होण्याचा संभव असतो, मग हात कितीही कुशल असो. जखमेखाली रक्त साकळते किंवा पाणी साचते, जखम पिकते, टाके उसवतात, कातडीच्या कडेला रक्त न पोहोचल्याने ती काळी पडते. तंबाखू व विडी यांमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून व्यसनी रुग्णात हा शेवटचा धोका अधिक. काहींच्या अंगी वण जाड होऊन मूळ जखमेबाहेर पसरण्याची प्रवृत्ती असते. त्यास केलॉइड म्हणतात. सावळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो आणि कानाची पाळी, खांदा व छातीचा मध्यभाग ही त्याची आवडती ठिकाणे. केवळ कापून टाकल्यास तो पुष्कळदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन उगवतो. म्हणून कान टोचल्यावर जिच्या पाळीला गाठ आली होती अशा स्त्रीने ही गोष्ट आधीच सांगावी आणि डॉक्टरांनीही ती आवर्जून विचारावी. शिवलेली पाळी पुन्हा टोचावयाची असल्यास काही महिने थांबून, जुन्या वणापासून दूर टोचणे इष्ट असते. लग्नसराईच्या घाईत हा नियम हमखास मोडला जातो.

याउलट काही गोष्टी दिसावयास भयंकर, परंतु स्वाभाविक असतात. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढतेच. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरची सूक्ष्म सूज पूर्ण ओसरण्यास एक वर्षही लागते. नवा वण प्रथम लाल व टणक दिसतो. तो फिका व मऊ होण्यास वर्ष-दीड वर्ष जाते आणि तोवर त्यास उन्हापासून जपावे लागते. शेतात राबणाऱ्या माणसाला हे आधी सांगितले नाही, तर आपली फसवणूक झाली असे त्यास वाटणारच.

मात्र पुढील लक्षणे दिसताच एक दिवसही थांबू नये. शस्त्रक्रियेच्या एकाच बाजूला अचानक वाढलेली ताठ सूज व ठणका, उतरण्याऐवजी चढणारा ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, काळी पडणारी कातडी, एकाच पोटरीला आलेली सूज, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धाप लागणे किंवा छातीत दुखणे. मेद काढण्याची शस्त्रक्रिया किरकोळ म्हणून सांगितली जाते, तथापि तीत रक्तवाहिन्यांत मेदाचे कण किंवा रक्ताची गुठळी शिरून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो. मे २०२२ मध्ये बंगळूर येथे अशाच शस्त्रक्रियेनंतर एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला, हे वृत्त वाचकांच्या स्मरणात असेल. केसरोपणाचेही तसेच आहे. ते कोणीही करावे असे काम नव्हे. प्रात्यक्षिके किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले आहे.

अशा वेळी जनवाड्याच्या रुग्णाने हैदराबादची गाडी पाहत बसू नये. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा बीदरच्या सरकारी रुग्णालयात तात्काळ जावे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही ‘हे आमचे काम नव्हे’ असे म्हणून रुग्णास परत पाठवू नये. प्रथमोपचार करावेत आणि जखमेची स्थिती, तारीख व वेळ कागदावर नोंदवून द्यावी. ही नोंद पुढे रुग्णाला उपयोगी पडते, तशीच शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरांनाही.

आता तक्रारीचा विचार करू. मनाजोगे रूप आले नाही, एवढ्यावरून डॉक्टरांचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. योग्य कौशल्य वापरून व पूर्वकल्पना देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत उपद्रव झाला, तर तोही दोष नव्हे. परंतु धोका माहीत असून सांगितला नाही, संमती एका कामाची घेऊन दुसरेच केले, किंवा नंतर रुग्ण विव्हळत असता त्यास तपासले नाही, तर प्रश्न निराळा होतो. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये प्रसूतीनंतर एका स्त्रीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर तिला ताप व तीव्र वेदना सुरू झाल्या. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडले असता आत राहिलेले कापड सापडले, आणि ती दगावली. तिच्या कुटुंबीयांना दिवाणी न्यायालयाने मंजूर केलेली ३६,००० रुपयांची भरपाई अखेर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली व राज्य शासनास जबाबदार धरण्यात आले. हे प्रकरण रूपसुधारणेचे नाही. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांकडे केव्हा व कसे पाहिले गेले, हा मुद्दा दोन्हीकडे एकच आहे. त्या कुटुंबाला बत्तीस वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट मात्र कोणालाही भूषणावह नाही.

संमतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती, आणि प्राणसंकट नसताना तिच्याबाहेर जाता येत नाही. सीमाभागात हा मुद्दा नाजूक आहे. रुग्ण मराठी बोलतो, दवाखान्यातील भाषा कन्नड, तेलुगू किंवा उर्दू असते आणि कागद बहुधा इंग्रजीत. गावातील शिक्षकांनी अशा रुग्णाचे संमतिपत्र सही होण्यापूर्वी वाचून दाखविले, तर पुढील अर्धे वाद टळतील. त्याच वेळी आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार व त्यांची पदवी कोणती? टाके कोण काढणार? रात्री त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर कोण भेटेल? पुन्हा शस्त्रक्रिया लागल्यास खर्च कोणाचा? शेवटचा प्रश्न विचारावयास संकोच वाटतो, परंतु तोच सर्वांत महाग पडतो. कारण केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आयुष्मान भारतसारख्या योजनेतून मिळत नाही.

वाद झाल्यास प्रथम कागद मिळवावेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीची तक्रार ते जेथे नोंदले असतील त्या राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे करता येते. कर्नाटकातील खाजगी दवाखान्याविषयी २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाकडे दाद मागता येते. भरपाई हवी असल्यास ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय १९९५ मध्ये झाला होता. २०१९ च्या नव्या कायद्यानंतरही ती स्थिती कायम असल्याचे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झाले. सर्वांना विनामूल्य मिळणारी सेवा यातून वगळलेली आहे.

सीमाभागातील रुग्णास नव्या कायद्याने एक मोठी सोय दिली आहे. पूर्वी शस्त्रक्रिया हैदराबादला झाली असेल तर तक्रारही सामान्यतः तेथेच करावी लागे. जुलै २०२० पासून तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. म्हणजे जनवाड्याच्या रुग्णाला बीदरच्या जिल्हा आयोगाकडे जाता येईल. दवाखान्यास दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रार ऑनलाइनही पाठविता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘वण जाईल, आणखी थोडे थांबा’ असे सांगून दवाखान्याने कितीही वेळा पुढची तारीख दिली, तरी ती मुदत आपोआप लांबत नाही. उशिराचे सबळ कारण आयोगास पटवून द्यावे लागते.