उगवले म्हणजे पिकले नव्हे : मंदीनंतरच्या अर्थनीतीविषयी

मृगाच्या सरींनी शिवार हिरवे झाले म्हणजे खळ्यावर रास पडली असे कोणताही जाणता शेतकरी मानीत नाही. परंतु सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाल्यानंतर जगावर कोसळलेली मंदी ओसरू लागताच, मोठमोठ्या राष्ट्रांच्या कारभाऱ्यांनी नेमके तसे मानले, आणि त्या चुकीच्या मुळाशी असलेल्या समजुती आजही सुशिक्षितांच्या बोलण्यात आढळत असल्यामुळे त्यांची छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : मंदी संपली की लोकांची विपन्नावस्थाही संपते.

वस्तुस्थिती : मंदी संपणे याचा अर्थ उत्पादनाची घसरण थांबणे, एवढाच. अमेरिकेतील मंदी जून 2009 मध्ये संपल्याचा निर्वाळा अर्थशास्त्रज्ञांनी पुढे दिला. तरी बेकारीचे प्रमाण त्यानंतरही वाढत जाऊन ऑक्टोबरात 10 टक्क्यांवर पोहोचले, आणि मंदीपूर्वी होत्या तितक्या नोकऱ्या भरून येण्यास मे 2014 उजाडावा लागला.

गैरसमज : गृहस्थाप्रमाणे सरकारनेही हात आखडता घेतला की कर्ज फिटते.

वस्तुस्थिती : एका कुटुंबाने काटकसर केली तर त्याची मिळकत घटत नाही, परंतु कारखानदार, व्यापारी आणि गृहस्थ असे सारेच खर्च आवरून बसले असताना सरकारनेही तिजोरीला कुलूप घातले, तर एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असल्यामुळे सर्वांचीच मिळकत घटते आणि तिच्यामागोमाग महसूलही आटतो. 1937 साली अमेरिकेने हा अनुभव घेतला होता : महामंदीतून देश सावरत असतानाच सरकारने खर्च छाटला, मध्यवर्ती बँकेने पतपुरवठा आवळला, आणि उद्योगधंदे पुन्हा कोसळले. तरीही जून 2010 मध्ये टोरांटो येथे जमलेल्या वीस राष्ट्रांच्या गटातील प्रगत देशांनी 2013 पर्यंत आपली तूट निम्म्यावर आणण्याचे ठरविले. ग्रीसवर तर ही काटकसर कर्जाची अट म्हणूनच लादली गेली. परिणामी तेथील उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, 2013 साली बेकारी 27 टक्क्यांवर गेली, आणि 2009 मध्ये वार्षिक उत्पादनाच्या सुमारे सव्वापट असलेले कर्ज, मधल्या काळात खाजगी धनकोंनी मोठी सूट देऊनही, 2014 पर्यंत पावणेदोनपटीच्या वर चढले. खर्चकपातीचा आघात आपल्या अंदाजांत कमी धरला गेला होता, हे पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीनिशी मान्य केले.

गैरसमज : मध्यवर्ती बँकेने पैसा ओतला की महागाई भडकलीच.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची मालमत्ता सुमारे 90 हजार कोटी डॉलरांवरून 2014 पर्यंत साडेचार लक्ष कोटींवर गेली, तरी 2012 च्या मध्यानंतर तेथील महागाई बहुतांशी 2 टक्क्यांच्या उद्दिष्टाखालीच राहिली, कारण मागणीच मंदावलेली असताना बँकांत साठलेला पैसा बाजारात फारसा उतरत नाही. उलट, महागाईच्या धास्तीने युरोपीय मध्यवर्ती बँकेने एप्रिल आणि जुलै 2011 मध्ये केलेली व्याजदरवाढ, युरोप पुन्हा मंदीत सापडल्यामुळे, डिसेंबरपर्यंत संपूर्ण मागे घ्यावी लागली.

गैरसमज : प्रत्येक देशाने आपापले घर सांभाळले की पुरे.

वस्तुस्थिती : 22 मे 2013 रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी, पैसा ओतण्यासाठी चाललेली रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच वॉशिंग्टनमध्ये केले, आणि तेव्हा डॉलरला सुमारे 55 असलेला आपला रुपया ऑगस्टअखेर 68 च्याही पलीकडे घसरला.

याचा अर्थ कर्ज कधीच फेडू नये किंवा व्याजदर कधीच वाढवू नयेत असा कोणी करू नये. महागाई खरोखरच तीव्र असताना रिझर्व्ह बँकेने मार्च 2010 ते ऑक्टोबर 2011 या अवधीत 13 वेळा दर वाढविले, कारण येथील परिस्थिती वेगळी होती. म्हणून सरकारी ताळेबंदातील तूट किती घटली हे विचारण्यापूर्वी, कामावरून गेलेली माणसे परत कामावर लागली की नाही, हे प्रत्येक जाणत्या नागरिकाने विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत आधाराचा हात काढून घेणे हे राज्यकर्त्यांचे शहाणपण ठरत नाही.