खांदेरीच्या पाण्यावर एक दिवस

उभा जन्म समुद्रकाठी गेला. परंतु समुद्रावर आखा दिवस घालविण्याचा योग पासष्टी उलटल्यावर आला. पुतण्याने लहानशी यांत्रिक नौका घेतली आणि माघ वद्य द्वितीयेस आम्ही घरची सात माणसे मांडव्याहून खांदेरीस निघालो. बरोबर थळचा एक वृद्ध तांडेल होता.

भरतीचा हिशेब मी आदल्या रात्रीच पंचांग पाहून केला होता. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमाराने कळते. द्वितीयेस दीड वाजता. तांडेलाने तो मान्य केला, मात्र म्हणाला, "पाण्याचं बरोबर हाय, गुरुजी. पन वारा तिथी बघत नाय. बाराला तिथून निघू."

सकाळी मतलई वारा जमिनीकडून मंद वाहत होता. डावीकडे किहीमची झाडी मागे पडली, पुढे उंदेरी दिसली आणि दहाच्या सुमारास आम्ही खांदेरीस उतरलो. परवानगी आधीच काढलेली होती.

शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये हे बेट बांधावयास घेतले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी त्यास जहाजांचा वेढा दिला. परंतु वारा पडला की ती अवजड जहाजे जागीच खिळत आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या हलक्या होड्या रसद घेऊन त्यांच्या देखत निसटत. पुढल्याच वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकाविली. खांदेरीचा दीपस्तंभ १८६७ चा. २०२५ मध्ये हा दुर्ग जागतिक वारशात गणला गेला. वेताळाचे दर्शन झाले. तेथे एक शिळा आहे. तीवर खडा आपटला असता धातूसारखा नाद उठतो. मुले ती वाजवीत राहिली आणि मी (जुनी खोड!) तटाखाली उभा राहून वेढ्याचा धडा सांगत राहिलो. तांडेल दोनदा बोलावून गेला. निघालो तेव्हा तीन वाजले होते.

उंदेरी ओलांडताच वायव्येचा वारा तोंडावर आला. नौका लाटेवर चढे आणि धाडकन आदळे. सर्वजण चिंब भिजलो. वहिनींना वांत्या सुरू झाल्या. धाकटा नातू माझे धोतर घट्ट धरून बसला होता. त्यास सांगण्याजोगे मजजवळ काही नव्हते. पुतण्याने वेग वाढविताच तांडेलाने न बोलता सुकाणू आपल्या हाती घेतले, यंत्र मंद केले आणि लाट तिरपी घेत घेत नौका उत्तरेस नेली.

मांडव्यास साडेपाच झाले. ओहोटीने धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. तांडेलाने आधी मुलांना, मग वहिनींना वर चढविले. शेवटी माझा हात धरीत तो म्हणाला, "जपून, गुरुजी. पाणी तुमच्या हिशेबानंच उतरलंय."