सुमार गेमला वेळ द्यावा का?

मोबाईलवर गेम खेळणे हा आजार नव्हे. पण मान दुखते, झोप लागत नाही म्हणून माझ्या जालन्यातील दवाखान्यात येणाऱ्या तरुणांना मी हल्ली विचारतो, "रात्री गेम खेळता? आवडतो का तो?" पुष्कळांचे उत्तर असते, "खास नाही डॉक्टर, पण इतक्या लेव्हल झाल्या, आता सोडवत नाही."

खरी गोम येथेच आहे. चांगला खेळ मन रमवितो. सुमार खेळ रोजच्या हजेरीच्या बक्षिसावर आणि 'आणखी एकच डाव' या आशेवर तुम्हाला धरून ठेवतो. गेलेला वेळ मात्र पुढे खेळून परत येत नाही.

सोपी परीक्षा सांगतो. अर्धा तास खेळून मोबाईल खाली ठेवा. मन ताजे झाले तर ठीक. डोके जड वाटले, तर तीन दिवस गेम बंद ठेवा. आठवण आली नाही, तर खुशाल काढून टाका.

खेळावरचा ताबा सुटला, अभ्यास-कामधंदा मागे पडला, नुकसान दिसूनही हात थांबेना आणि हे साधारण १२ महिने चालले, तर तो विकार होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याची नोंद आहे. अशा वेळी संकोच न करता मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.