खातोय, तरी खंगतोय

समजा, जोतिबाला कुणाकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. क्लाऊनफिश रोज आर्टेमिया खातोय, तरी डोक्यामागे खड्डा पडलाय. तुम्ही काय कराल? खाणं वाढवाल. पण उरलेलं अन्न कुजून अमोनिया वाढतो आणि अशक्त मासा त्यानंच जातो.

गोम चरबीत असू शकते. समुद्री माशांना डीएचए हे मेदाम्ल मुख्यतः आहारातूनच लागतं. आर्टेमियात ते जवळजवळ नसतंच. म्हणून आधी जिवंत आर्टेमियाला माशाच्या तेलाचं इमल्शन काही तास खाऊ घालतात, मग ती माशाला थोडी थोडी, दिवसातून तीन-चारदा देतात. (विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली तर परजीवींचा संशय आधी.)

सुधारणा मोजायला फुल्टनचा निर्देशांक बरा: ग्रॅममधलं वजन भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन, गुणिले 100. 5 सेंमीचा मासा 2 ग्रॅमवरून 2.5 वर गेला, तर 1.6 चे 2 होतात. तुलना मात्र त्याच जातीत करा. नाहीतर सडपातळ पाइपफिश कायम उपाशीच ठरेल!