कोवळ्या ज्वारीतील विषाची परीक्षा

पावसाने ओढ दिली म्हणजे पहिली टंचाई चाऱ्याची होते. अशा वेळी वाढ खुंटलेली गुडघाभर ज्वारी तेवढी हिरवी दिसते आणि शेतकरी भुकेले बैल तीत सोडतो. थोड्याच वेळात जनावर धापा टाकू लागते, तोंडास फेस येतो आणि ते झोकांड्या खाऊन कोसळते. ही करणी नव्हे वा दृष्टही नव्हे. ही सायनाइडची विषबाधा होय.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचे द्रव्य असते, हे डनस्टन व हेन्री या शास्त्रज्ञांनी १९०२ साली दाखवून दिले. पान चघळले जाताच त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. त्यामुळे शरीरातील पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. रक्त लालभडक असूनही जनावर गुदमरते. वजनाच्या दर किलोस सुमारे २ मिलिग्रॅम विष प्राणघातक ठरते. ३०० किलोच्या बैलास अवघे ६०० मिलिग्रॅम पुरे होते.

इतके अल्प विष ओळखण्यासाठी पिक्रेट कागदाची परीक्षा आहे. शेतातील चार-पाच ठिकाणची कोवळी पाने तोडून ती ताजी असतानाच बारीक चिरावीत व काचेच्या नळीत घालावीत. त्यांवर क्लोरोफॉर्मचे दोन-चार थेंब टाकून पिवळा पिक्रेट कागद पानांस न टेकता वर लोंबता ठेवावा आणि बूच घट्ट लावावे. तुलनेसाठी दुसरी नळी पानांविना ठेवावी. विष असल्यास कागद नारिंगी व पुढे विटकरी होतो. रंग जितका लवकर व गडद, तितके विष अधिक. नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच मोजतात. सुक्या वजनाच्या एका किलोत ५०० मिलिग्रॅमहून अधिक विष असलेला चारा धोक्याचा समजावा. कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असल्याने हे कागद घरी करू नयेत, प्रयोगशाळेतूनच आणावेत.

परीक्षेची सोय नसेल तेथे ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत चारू नये. खोडव्याचे फुटवे आणि ताणानंतरच्या पावसाने फुटलेले कोंब विशेष घातक असतात. बाधा झाल्यास जनावर तत्काळ शेताबाहेर काढून पशुवैद्यकास बोलवावे. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांची टोचणी वेळेवर मिळाली, तर ते वाचू शकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा पावसाच्या खंडातच शेताच्या बांधावर करून दाखवावी. बैल दगावल्यानंतर कागदाचा रंग पाहून काय उपयोग?