मज्जारज्जूची दुखापत : ताटात काय वाढाल?

घरात कुणाच्या मज्जारज्जूला इजा झाली की सगळे त्यांना खाऊ घालायला धावतात. ताकद यायला हवी म्हणून शिरा, लाडू, वर तुपाची धार! पण हालचाल कमी झाल्यावर स्नायू झडतात आणि शरीराला कॅलरीज कमी लागतात. पूर्वीइतकंच जेवण दिलं तर वजन वाढतं. मग व्हीलचेअरवरून पलंगावर सरकणं अवघड होतं.

म्हणून पोळी, भात, गोडधोड कमी करा. प्रथिनं मात्र कमी करू नका. वरण, मोड आलेली मटकी, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. एका जागी दाब पडून जखम झाली असेल तर दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

लघवीची कटकट नको म्हणून पाणी तोडू नका. त्याने बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि कॅथेटरच्या वेळा सांभाळून दिवसभरात थोडं थोडं द्या. भाज्या, फळं हळूहळू वाढवा. एकदम वाढवली तर पोट फुगतं.

पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते. त्यामुळे गरम चहा-नाश्त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने शौचाची वेळ ठेवा आणि रोज तीच पाळा.

आणि हो, आज काय करायचं हे त्यांनाही विचारा. पाय चालत नसले तरी जिभेची आवडनिवड तीच असते.